नोटेवरचा लोकसाहित्यिक : लुईस दा कामारा कास्कुदो

(द्वितीय वर्ष, कला)

एखादा देश आपल्या चलनी नोटेवर कोणाचे चित्र छापतो, यावरून तो देश कोणाला मोठे मानतो हे कळते. बहुतेक देशांच्या नोटांवर राजे, सेनापती आणि राष्ट्रपुरुष असतात. ब्राझीलने १९९१ साली पन्नास हजार क्रुझेरोंची नवी नोट काढली, तेव्हा तिच्यावर एका वर्तमानपत्री लेखकाचे चित्र छापले. या गृहस्थाने आयुष्यभर गुराख्यांची गाणी, म्हाताऱ्या बायकांच्या कहाण्या, कोळ्यांचे तराफे, निजायच्या झोळ्या आणि सामान्य माणसाच्या ताटातले पदार्थ यांवर लिहिले होते. नोटेच्या मागच्या बाजूला ‘बुंबा मेउ बोइ’ या लोकनाट्याचे, म्हणजे बैलाच्या सोंगाच्या खेळाचे चित्र होते. या लेखकाचे नाव लुईस दा कामारा कास्कुदो.

लोकसाहित्याचे अभ्यासक म्हटले की मराठीच्या विद्यार्थ्याला दुर्गाबाई भागवत, सरोजिनी बाबर ही नावे आठवतात. परदेशी नाव विचारले तर जर्मनीतील ग्रिम बंधूंचे सांगता येते. दक्षिण अमेरिकेकडे आपले लक्ष क्वचितच जाते. वास्तविक कास्कुदो यांच्या चरित्रात आपल्या अभ्यासाच्या दृष्टीने एक महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्याजवळ जे असते, ते ज्ञान म्हणायचे की नुसती करमणूक? आणि ते ज्ञान असेल, तर ते ग्रंथात आणणाऱ्याची जबाबदारी कोणती? प्रस्तुत लेखात कास्कुदो यांचे जीवन आणि कार्य या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहावयाचे आहे.

जन्मगाव आणि शिक्षण

ब्राझीलचा नकाशा समोर धरला, तर त्याचा ईशान्येकडील कोपरा अटलांटिक महासागरात आफ्रिकेच्या दिशेने पुढे आलेला दिसतो. त्या कोपऱ्यात रिओ ग्रांदे दो नोर्ते नावाचे एक लहान राज्य आहे. त्याची राजधानी नाताल. हे शहर २५ डिसेंबर १५९९ रोजी, ख्रिस्तजन्माच्या दिवशी वसवले गेले, म्हणून त्याला हे नाव मिळाले. पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणलेला ‘नाताळ’ हा शब्द तो हाच. या गावी ३० डिसेंबर १८९८ रोजी कास्कुदो यांचा जन्म झाला, आणि ३० जुलै १९८६ रोजी याच गावी वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी त्यांनी देह ठेवला.

वडील व्यापारी होते, घर सुखवस्तू होते. मुलाची प्रकृती नाजूक असल्याने त्याला जपून वाढवले गेले आणि पुस्तकांचा सहवास लवकर लाभला. परंतु बालपणातील काही काळ त्याने किनाऱ्यापासून दूर, आतल्या कोरड्या मुलखात काढला. या मुलखाला तिकडे ‘सेर्तांव’ म्हणतात. काटेरी झुडुपे, वारंवार पडणारा दुष्काळ, मोकळी चरणारी गुरे आणि चामड्याचे कपडे घालून घोड्यावरून त्यांचा पाठलाग करणारे गुराखी, असा हा प्रदेश. रात्री अंगणात बसून ऐकलेल्या गाण्यांचा आणि गोष्टींचा ठसा त्या मुलाच्या मनावर कायमचा उमटला. पुढे त्याने जे लिहिले, त्याचे बी येथे पडले होते.

तारुण्यात त्यांनी वैद्यकीय शिक्षण सुरू केले, पण ते पुरे झाले नाही. नंतर रेसिफे येथील विधी महाविद्यालयातून १९२८ साली त्यांनी कायद्याची पदवी घेतली. ते इतिहासाचे शिक्षक झाले, पुढे नातालच्या विधी महाविद्यालयात आंतरराष्ट्रीय कायद्याचे प्राध्यापक झाले. लोकसाहित्य हा त्यांचा पगाराचा विषय कधीच नव्हता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

वर्तमानपत्राची शाळा

कास्कुदो यांच्या लेखणीला वळण लागले ते वर्तमानपत्रात. वडिलांच्या मालकीचे ‘आ इंप्रेन्सा’ नावाचे वर्तमानपत्र नातालमध्ये निघत असे. १९१८ साली, एकोणीस वर्षांचे असताना, कास्कुदो त्यात लिहू लागले. १९२१ मध्ये त्यांचे पहिले पुस्तक आले. ते आपल्या राज्यातील कवींवरील समीक्षालेखांचे होते. पुढे १९३९ पासून ‘आ रिपुब्लिका’ या दैनिकात त्यांनी ‘आक्ता दिउर्ना’ हे सदर सुरू केले. प्राचीन रोममध्ये दररोजच्या घडामोडींची जी जाहीर पत्रके लावीत त्यांचे हे नाव. या सदरात गावातील जुन्या गल्लीचे नाव कसे पडले, एखादी म्हण कोठून आली, एखादा विस्मृतीत गेलेला माणूस कोण होता, असे विषय ते वर्षानुवर्षे लिहीत राहिले.

वर्तमानपत्राचा त्यांच्या अभ्यासावर दोन प्रकारे परिणाम झाला, असे मला वाटते. एक म्हणजे भाषा. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना समजेल असे लिहावे लागे, म्हणून त्यांच्या जाड ग्रंथांतही गप्पांचा ओघ राहिला. दुसरे म्हणजे माहितीचा मार्ग. सदर वाचून लोक काही ना काही सांगत, कळवीत. लोकसाहित्याच्या संशोधकाला गावोगाव हिंडावे लागते, पण या संशोधकाच्या दारात गावच येऊन बसे. अर्थात वर्तमानपत्री घाईचे काही तोटेही त्यांच्या लेखनात आले. त्यांचा विचार पुढे करू.

काखेत कळसा

पहिल्या काळात कास्कुदो यांचा कल लोकसाहित्यापेक्षा बड्या माणसांच्या इतिहासाकडे अधिक होता. पॅराग्वेचा हुकूमशहा लोपेस, ब्राझीलच्या राजघराण्यातील जावई कोंदे देउ, ओलिंदाचा मार्किस अशांवर त्यांनी पुस्तके लिहिली. मनाने ते राजेशाहीकडे झुकलेले होते.

त्यांना वेगळ्या वाटेवर आणण्यात एका मित्राचा मोठा वाटा आहे. हा मित्र म्हणजे साव पावलो येथील कवी, कादंबरीकार आणि संगीताचा अभ्यासक मारिओ दि आंद्रादे. ब्राझीलच्या साहित्यातील आधुनिकतावादी चळवळीचे ते एक प्रमुख प्रवर्तक होते. १९२४ पासून दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि तो वीस वर्षे चालला. १९२८ च्या अखेरीस मारिओ लोकसंगीत गोळा करीत नातालला आले, कास्कुदो यांच्या घरी उतरले आणि दोघे मिळून सेर्तांवमध्ये हिंडले. याच मुक्कामात मारिओंनी शिकू आंतोनिओ नावाच्या एका ग्रामीण गायकाचे गाणे ऐकले आणि त्याने ते भारावून गेले. महानगरातील एवढा मोठा लेखक एका शेतकरी गायकापुढे शिष्यासारखा बसतो, हे कास्कुदो यांनी जवळून पाहिले.

तरीही त्यांची सरदार-दरकदारांची चरित्रे चालूच होती. १९३७ साली मारिओंनी एका पत्रात त्यांना मित्रत्वाच्या अधिकाराने खडसावले. लोकसाहित्याची संपत्ती तुमच्या दारावरून रोज चालली आहे, तिच्याकडे पाहा आणि हा उमरावी थाट सोडा, असा त्या पत्राचा आशय होता. आपल्याकडे याला ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ म्हणतात. पत्र कडक होते, पण मैत्री तुटली नाही. दोन वर्षांनी, १९३९ मध्ये, कास्कुदो यांचे ‘वाकेइरोस इ कांतादोरेस’, म्हणजे ‘गुराखी आणि गायक’, हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्यांचा मार्ग निश्चित झाला.

गुराखी, गायक आणि एक सवाल-जवाब

या पुस्तकात सेर्तांवचे जीवन आणि तेथील गायकांची परंपरा यांचे वर्णन आहे. तेथे एके काळी कुरणांना कुंपण नसे. सगळ्यांची गुरे एकत्र चरत, आणि ठराविक काळाने गुराखी ती गोळा करून डागण्यांच्या खुणेवरून मालकवार वेगळी करीत. हा मोठा उत्सवच असे. गुराख्याला पैशात पगार नसे, चार वासरांमागे एक वासरू त्याला मिळे. अशा मेळाव्यांत, जत्रांत आणि लग्नांत गायक येत. दोन गायक समोरासमोर बसून तारवाद्यावर किंवा डफावर तत्काळ रचलेल्या कवितेत एकमेकांना प्रश्न घालीत, टोमणे मारीत, उत्तरे देत. याला ‘देसाफिओ’ म्हणजे आव्हान म्हणतात. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ज्याने ऐकले आहेत त्याला हा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको.

या परंपरेत एका सामन्याची आठवण फार प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाराइबा प्रांतातील पातोस या गावी इनासिओ दा कातिंगेइरा आणि रोमानो दो तेइशेइरा हे दोन गायक एकमेकांसमोर बसले. रोमानो स्वतंत्र, शेतजमीन असलेला, अक्षरओळख असलेला. इनासिओ काळा आणि गुलाम. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. ब्राझीलमध्ये गुलामगिरी १८८८ पर्यंत कायद्याने चालू होती, हे येथे ध्यानात घ्यावे. परंपरा सांगते, की बुद्धीच्या आणि शब्दांच्या जोरावर इनासिओ हार जाईना. तेव्हा रोमानोने पुस्तकातील ग्रीक-रोमन देवतांची नावे गाण्यात आणली. ही नावे इनासिओने कधी ऐकलीच नव्हती. तो थांबला.

हा प्रसंग मला या संपूर्ण अभ्यासाचे सार वाटतो. हरला कोण? ज्याला गाता आले नाही तो, की ज्याला शाळेचा आधार घ्यावा लागला तो? पुस्तकी शब्द माहीत नसणे म्हणजे अज्ञान, असा निवाडा त्या दिवशी झाला असेल. परंतु लोकांनी इनासिओचे नाव रोमानोच्या बरोबरीने, कित्येकदा अधिक प्रेमाने, जपून ठेवले. कास्कुदो यांनी ते ग्रंथात आणले. ज्यांच्या घरात पुस्तक पहिल्यांदा आपल्याच हातातून आले, अशा विद्यार्थ्यांना या प्रसंगाचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

हीच गाणी पुढे लहान लहान पुस्तिकांच्या रूपाने छापली जाऊ लागली. बाजारात त्या दोरीवर टांगून विकीत, म्हणून त्यांना ‘कोर्देल’ म्हणजे दोरीचे साहित्य असे नाव पडले. कास्कुदो यांनी १९५३ मध्ये ‘लोकांची पाच पुस्तके’ या अर्थाच्या ग्रंथात अशा पाच लोकप्रिय कथांचा मागोवा घेतला. त्यांपैकी ‘दोन्झेला तेओदोरा’ ही कथा एका हुशार मुलीची आहे. राजाच्या दरबारातील पंडितांच्या सगळ्या प्रश्नांची ती उत्तरे देते आणि पंडितांना हरवते. ब्राझीलच्या बाजारात दोरीवर टांगलेल्या या कथेचे मूळ ‘अरबी रात्रीं’तील तवद्दूद नावाच्या दासीच्या कथेत आहे. अरबांकडून स्पेनला, स्पेनहून पोर्तुगालला आणि तेथून जहाजाने ब्राझीलला, असा तिचा प्रवास झाला. निरक्षर शेतकऱ्याच्या ओठांवर बगदादची कथा असू शकते, हे कळले की ‘अडाणी’ हा शब्द आपण जपून वापरू लागतो.

बिबीच्या तीस गोष्टी

कास्कुदो यांच्या पुस्तकांच्या यादीत १९५५ साली पोर्तुगालमधील पोर्तो येथे छापलेले ‘त्रिंता इस्तोरिआस ब्राझिलेइरास’, म्हणजे ‘तीस ब्राझिली गोष्टी’, असे एक पुस्तक आहे. या तीसही गोष्टी एकाच बाईने सांगितलेल्या आहेत. तिचे नाव लुईझा फ्रेइरे, घरात सगळे तिला ‘बिबी’ म्हणत. ती कास्कुदो यांच्या सासरच्या कुटुंबात अनेक वर्षे राहिलेली वृद्ध बाई होती आणि तिला लिहिता-वाचता येत नव्हते.

येथे दोन गोष्टी नोंदवल्या पाहिजेत. पहिली अशी, की कास्कुदो यांनी सांगणाऱ्या व्यक्तीचे नाव दिले. लोककथेचे संग्रह करणारे अनेक लेखक ‘एका म्हातारीकडून ऐकले’ एवढेच लिहितात. मग ती म्हातारी कोण, कोठली, तिने गोष्ट कोणाकडून घेतली, याचा पत्ता लागत नाही, आणि पुस्तक मात्र संग्राहकाच्या नावावर चालते. १९४६ मध्ये निघालेल्या ‘ब्राझीलच्या पारंपरिक कथा’ या मोठ्या संग्रहातही कास्कुदो यांनी कथा सांगणाऱ्यांची नावे दिली आहेत.

दुसरी गोष्ट थोडी अवघड आहे. बिबी गोष्ट सांगत होती ती ज्या घरात तिने जन्मभर राबणूक केली त्या घरात. ऐकणारा घरचा मालक आणि प्राध्यापक, सांगणारी घरची कामकरीण. तिच्या गोष्टी परदेशात छापल्या गेल्या, पण लेखक म्हणून मुखपृष्ठावर नाव प्राध्यापकांचे. नाव देणे ही सचोटीची पहिली पायरी आहे, पण ती शेवटची नव्हे. लोकसाहित्य गोळा करावयास जाणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे.

एका देशाचा कोश

कास्कुदो यांनी १९४१ साली नातालमध्ये ब्राझिली लोकसाहित्य संस्थेची स्थापना केली. १९४४ मध्ये त्यांनी जुन्या प्रवाशांपासून आधुनिक अभ्यासकांपर्यंतच्या उताऱ्यांचा एक मोठा संकलनग्रंथ काढला. १९४७ मध्ये ‘ब्राझिली मिथकांचा भूगोल’ आणि १९५२ मध्ये मौखिक साहित्यावरील ग्रंथ आला. या सगळ्यांचा कळस म्हणजे १९५४ साली राष्ट्रीय ग्रंथ संस्थेने प्रसिद्ध केलेला ‘ब्राझिली लोकसाहित्याचा कोश’.

या कोशात अकारविल्हे काय नाही? एकाच पायाचा, लाल टोपी घातलेला, चिलीम ओढणारा आणि वावटळीतून हिंडणारा सासी आहे. पावले उलटी असलेला, म्हणून मागमूस काढणाऱ्या शिकाऱ्याला चकवणारा, रानाचा राखणदार कुरुपिरा आहे. याच कुरुपिराचा उल्लेख जेझुइट पाद्री जोझे दि आंशिएता यांनी १५६० सालच्या एका पत्रात केला होता. म्हणजे हा राखणदार ग्रंथात येऊनच चारशे वर्षे होत आली होती. नाच आहेत, वाद्ये आहेत, नवस आहेत, दृष्ट काढण्याचे प्रकार आहेत, मुलांचे खेळ आहेत. मूळ रहिवासी, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले लोक आणि पोर्तुगीज, या तिघांच्या मिश्रणाने ब्राझीलचा समाज बनला. प्रत्येक नोंदीत यांपैकी कोणाचा धागा किती, हे उकलण्याचा कास्कुदो यांचा प्रयत्न असे.

कोश करणे हे एरवी मोठ्या राजधानीतल्या मोठ्या संस्थेचे काम. हा कोश मात्र देशाच्या एका कोपऱ्यातील गावात बसून, मुख्यतः एका माणसाने रचला. त्याने इतरांकडून नोंदी मागवल्या, पण सूत्र त्याच्याच हाती होते. कास्कुदो नाताल सोडून रिओला किंवा साव पावलोला कायमचे गेले नाहीत. त्यांना ‘असाध्य प्रांतिक’ म्हणत, आणि ही पदवी ते अभिमानाने मिरवीत. त्यांच्या घरी देशोदेशींचे पाहुणे येत आणि भिंतींवर सह्या करीत. ते घर पुढे त्यांच्या नावाच्या संस्थेचे स्मारक झाले. ब्राझिली साहित्य अकादमीने १९५६ साली त्यांना माशादो दि आसिस पुरस्कार देऊन त्यांच्या समग्र लेखनाचा गौरव केला.

तराफा, झोळी आणि ताट

लोकसाहित्य म्हणजे केवळ गाणी-गोष्टी नव्हेत, हे कास्कुदो यांनी आपल्या उत्तरायुष्यात ठासून सांगितले. वस्तू, अन्न, हातवारे यांतही लोकांचा इतिहास असतो. १९५७ मध्ये त्यांनी ‘जांगादा’ या कोळ्यांच्या तराफ्यावर पुस्तक लिहिले. हलक्या लाकडाचे पाच-सहा ओंडके लाकडी खुंट्यांनी जोडून, वर त्रिकोणी शीड लावून हा तराफा तयार होई, आणि त्यावर बसून कोळी खोल समुद्रात जात. मूळ रहिवाशांजवळ तराफा होताच, पण त्याला आज जे नाव आहे ते भारतातून गेलेले आहे. केरळच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी ‘चंगाडम’ हा मल्याळी शब्द ऐकला आणि त्याचा ‘जांगादा’ केला. या मल्याळी शब्दाचा संबंध अभ्यासक संस्कृतातील ‘संघात’ किंवा ‘संघाट’ या जोडणीवाचक शब्दाशी लावतात. मराठीतील ‘सांगड’ हा शब्दही त्याच घराण्यातला. दोन होड्या किंवा दोन भोपळे एकत्र बांधून केलेली सांगड आपल्याला ठाऊक आहे. ज्या शब्दाने आपण आज दोन विचारांची सांगड घालतो, त्याचा भाऊबंद ब्राझीलच्या किनाऱ्यावर मासे धरीत होता!

१९५९ मध्ये त्यांनी निजायच्या झोळीवर पुस्तक लिहिले. १५०० साली पोर्तुगीज जहाजे प्रथम ब्राझीलला लागली, तेव्हा त्यांच्याबरोबर पेरो वाझ दि कामिन्या हा लेखक होता. तेथील लोकांच्या घरात दोन खांबांना बांधलेली झोळी त्याने पाहिली. तिला त्याच्या भाषेत शब्द नव्हता. ती मासे धरायच्या जाळ्यासारखी दिसली, म्हणून त्याने ‘रेदे’, म्हणजे जाळे, असे लिहिले. ते नाव कायमचे चिकटले. ईशान्य ब्राझीलचा गरीब माणूस झोळीत जन्मे, झोळीत वाढे, आणि मेल्यावर त्याला झोळीतूनच स्मशानात नेत. एवढ्या जवळच्या वस्तूचा इतिहास कोणी लिहिला नव्हता, तो कास्कुदो यांनी लिहिला.

त्यांचा आणखी एक मोठा ग्रंथ म्हणजे १९६७ आणि १९६८ मध्ये दोन खंडांत आलेला ‘ब्राझीलमधील आहाराचा इतिहास’. या अभ्यासासाठी ते १९६३ मध्ये आफ्रिकेत जाऊन आले होते. पहिल्या खंडात मूळ रहिवाशांचा, आफ्रिकनांचा आणि पोर्तुगीजांचा आहार वेगवेगळा मांडला आहे, आणि दुसऱ्यात या तिन्हींपासून बनलेली ब्राझिली चूल आहे. मांडिओका, म्हणजे ज्याच्यापासून आपल्याकडे साबुदाणा करतात ते कंद, हा त्या चुलीचा पाया. या ग्रंथाचा विषय आपल्यालाही परका नाही. आपला काजू मूळचा ब्राझीलचा. तेथील तुपी लोकांच्या ‘अकाजू’ या शब्दाचे पोर्तुगीजांनी ‘काजू’ केले आणि झाडाबरोबर नावही गोव्याला आणले. आंबा उलट दिशेने तिकडे गेला. साम्राज्ये लयाला गेली, पण ताटात आलेले पदार्थ परत गेले नाहीत.

उजेडाबरोबर सावली

चरित्रलेखनात गुणगौरवाबरोबर दोषदर्शनही झाले पाहिजे. १९३२ साली ब्राझीलमध्ये प्लिनिओ सालगादो यांच्या नेतृत्वाखाली ‘इंतेग्रालिस्ता’ नावाची चळवळ सुरू झाली. तिचे अनुयायी हिरवे सदरे घालीत आणि इटलीतील फॅसिझमचे अनुकरण करीत. कास्कुदो या चळवळीचे आपल्या राज्यातील प्रमुख होते. १९३७ मध्ये सरकारने ती मोडून काढली, आणि दुसऱ्या महायुद्धात कास्कुदो दोस्त राष्ट्रांच्या बाजूने उभे राहिले. परंतु सामान्य लोकांचे गाणे जपणारा माणूस त्याच लोकांना मुठीत ठेवू पाहणाऱ्या पक्षात होता, ही विसंगती लपवण्यात अर्थ नाही. लोकसंस्कृतीवर प्रेम असणे आणि लोकांच्या हक्कांवर विश्वास असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा आक्षेप पद्धतीचा आहे. कास्कुदो यांच्या ग्रंथांत वाचलेले, ऐकलेले आणि आठवलेले एकमेकांत मिसळून जाते. अमुक माहिती केव्हा, कोठे मिळाली हे दर वेळी कळत नाही. साव पावलोचे समाजशास्त्रज्ञ फ्लोरेस्तान फर्नांदेस यांनी तर लोकसाहित्य हे स्वतंत्र शास्त्र मानता येणार नाही, त्याचा अभ्यास समाजशास्त्राच्या चौकटीतच झाला पाहिजे, अशी भूमिका घेतली. हे फर्नांदेस स्वतः एका मोलकरणीचे पुत्र होते. गरिबांचे गाणे ऐकताना त्यांची गरिबी विसरू नये, हा त्यांचा आग्रह समजण्यासारखा आहे.

याचे एक उदाहरण तराफ्याचेच देता येईल. १९४१ मध्ये सेआरा राज्यातील चार कोळी आपल्या तराफ्यावर बसून एकसष्ट दिवसांचा समुद्रप्रवास करून राजधानी रिओला गेले. त्यांचा म्होरक्या ‘जाकारे’ या टोपणनावाने ओळखला जाई. तराफा आमचा नसतो, पकडलेल्या माशांतला मोठा वाटा मालक घेतो, म्हातारपणी आम्हाला आधार नाही, अशी गाऱ्हाणी त्यांनी राष्ट्राध्यक्ष जेतुलिओ व्हार्गास यांच्यापुढे मांडली. १९४२ मध्ये या प्रवासावरील चित्रपटाचे चित्रण चालू असताना जाकारे समुद्रात बुडून मरण पावला. तराफ्याचे नाव, शीड, लाकूड यांचा इतिहास जेवढा महत्त्वाचा, तेवढाच तराफ्यावर बसलेल्या माणसाचा हिशेबही महत्त्वाचा. आहाराच्या इतिहासाच्या प्रस्तावनेत कास्कुदो यांनी स्वतःच सांगितले आहे, की ‘भुकेचा भूगोल’ लिहिणारे जोझुए दि कास्त्रो भुकेचा शोध घेत होते आणि आपण अन्नाचा. ही कबुली प्रामाणिक आहे. वाचकाने मात्र दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवावेत.

समारोप

मग कास्कुदो यांचे मोठेपण कशात? माझ्या अल्प मतीप्रमाणे ते त्यांच्या ऐकण्यात आहे. मित्राचे कडू पत्र त्यांनी ऐकले आणि आपली वाट बदलली. बिबीच्या गोष्टी, गुराख्यांची गाणी, कोळ्यांचे शब्द त्यांनी ऐकले, आणि ऐकलेले ग्रीक-लॅटिन ग्रंथांच्या पंगतीला बसवले. पातोसच्या सामन्यात पुस्तकातले शब्द निरक्षर गायकाविरुद्ध शस्त्र म्हणून वापरले गेले होते. कास्कुदो यांनी तीच पुस्तकी विद्या त्या गायकाचे नाव टिकवण्यासाठी वापरली. शिक्षण दोन्ही कामांना उपयोगी पडते. त्यातले कोणते काम करायचे, हे शिकणाऱ्याने ठरवायचे असते.

महागाई एवढी वाढली की १९९३ मध्ये ब्राझीलने चलनातली तीन शून्ये उडवली आणि कास्कुदो यांच्या नोटेवर नव्या किमतीचा शिक्का मारावा लागला. पन्नास हजारांची नोट पन्नासची झाली, आणि पुढच्याच वर्षी नवे चलन आल्यावर ती हळूहळू व्यवहारातून गेली. त्यांचा कोश मात्र पुन्हा पुन्हा छापला गेला. सासी, कुरुपिरा, बिबीच्या गोष्टी आणि इनासिओचे नाव त्यांच्या पुस्तकांत सुखरूप आहेत.

आपल्या महाविद्यालयात शिकणाऱ्या प्रत्येकाच्या घरी, वाडीवर किंवा आळीत एखादी बिबी असेलच. तिच्याकडून ऐकून लिहून घेण्यासाठी परवानगी लागते ती फक्त तिची. लिहून घेतल्यावर वहीच्या पहिल्या ओळीत तिचे नाव, गाव आणि तारीख घालावी, आणि नंतर आपले.